गालावरची तीट

फोटो रडतो, ही बातमी त्या गुरुवारी दूधवाल्याच्याही आधी घरोघर पोचली.

लातुरातल्या त्या गल्लीत एरवी गर्दी व्हायची ती भल्या सकाळी, क्लासच्या पहिल्या बॅचला. पोरंपोरी पाठीला दप्तरं अडकवून, अर्धी झोप डोळ्यांत घेऊन पळायची. आज मात्र तीच पोरं भिंतीला चिकटून उभी होती आणि गल्ली बायाबापड्यांनी भरली होती. उमाबाईंच्या खानावळीच्या दारात चपलांचा ढीग एवढा वाढला, की एका म्हाताऱ्याने "जाऊ द्या, देवाला वाहिली" म्हणून आपली चप्पल तिथंच सोडून दिली.

आत, जिथे रोज क्लासच्या मुली ताटं घेऊन बसायच्या, तिथल्या भिंतीला एक मोठा फोटो टेकवला होता. पाच-सहा वर्षांची पोर. केसांना लाल रिबीन, टपोरे काळेभोर डोळे, पापणी न् पापणी मोजून घ्यावी अशी. फोटोला काच नव्हती. समोर पाटावर छायानंद महाराज बसले होते. अंगात भगवी रेशमी कफनी, हातात चांदीची गुलाबदाणी.

"बघा हो, नीट बघा!" महाराजांचा आवाज मंगल कार्यालयातल्या भोंग्यासारखा होता. "केसांवर पाणी टाकतो. गालांवर टाकतो. झंपरावर टाकतो. कागदाला काय कळतं? पाण्याला काय कळतं? पण आत्म्याला कळतं!"

गुलाबदाणी हलली. केसांवर पडलेले थेंब अळवाच्या पानावरून घरंगळावेत तसे खाली गेले, मागे डागसुद्धा नाही. गालांवरचे तसेच. डोळ्यांच्या कडा मात्र भिजल्या, सुजल्यासारख्या झाल्या आणि दोन काळसर धारा हळूहळू गालांवर उतरल्या.

"रडलं गं माय! लेकरू रडलं!"

सारी खोली हुंदक्याने हलली. एकीच्या अंगात आलं. तिला धरायला गेलेल्या दोघींपैकी दुसरीच्याही अंगात आलं, तेव्हा तिसरीने हात लावायचं धाडस केलं नाही. आणि कोपऱ्यात, धान्याच्या पिंपाला टेकून, पदराचा बोळा तोंडात धरून उमाबाई बसल्या होत्या. फोटोतली पोर त्यांची होती. शेवंता.

पंधरा-सोळा वर्षांमागे त्यांचं घर इथं नव्हतं. औशाच्या पुढे, काळ्या रानातल्या एका गावात होतं. गणपती बोळवून गाव दमून झोपलं होतं, आणि पहाटे भुईने कूस बदलली. ज्या दगडमातीच्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या ऊब दिली, त्यांनी त्या पहाटे माणसांना पोटाशी धरलं ते सोडलंच नाही. उमाबाईंना आणि त्यांचे यजमान व्यंकटराव यांना लोकांनी ओढून काढलं. सहा वर्षांच्या शेवूला काढलं तेव्हा तिच्या हातात प्रसादाचं खोबरं होतं.

गाव सोडून दोघं लातुरात आली. शहरात तेव्हा क्लासेसचं पीक जोरात आलं होतं. कुणाच्या तरी लेकी डॉक्टर व्हायला येत, त्यांना खाऊ घालण्यात उमाबाईंचे हात गुंतले. भाकरी थापताना मात्र एखादी ओवी आपसूक निघे:

तीट लाविली गालाला, लेक जत्रंला धाडिली
उन्हाच्या ग वाटंवर, माझी सावली धाविली.

ती जत्रा खरी होती. शेवू मामाबरोबर अहमदपूरकडच्या एका जत्रेला गेली, तिथे एका फिरत्या फोटोवाल्याने काढलेला हा एकच फोटो. तो माहेरच्या ट्रंकेत राहिला म्हणून वाचला. मामाच्या खांद्यावर बसलेली पोर, आणि तिचं तोंड हरभऱ्याच्या दाण्याएवढं.

हरभऱ्याएवढं तोंड परातीएवढं करून देणारा माणूस भेटला, तर आई काय करील?

छायानंद महाराज दिवाळीनंतर गावाबाहेरच्या एका रिकाम्या गोदामात उतरले. 'भूकंपात गेलेल्यांचे छायादर्शन' असा फलक लागला. तुम्ही मेलेल्या माणसाचा असेल तसा फोटो न्यायचा. तो भगव्या पडद्याआड जायचा. पडद्याआड संगणक, छपाईचं यंत्र आणि चंद्रप्पा नावाचा एक शिष्य. तीन गुरुवारांनी मूळ फोटोसोबत भला मोठा चेहरा बाहेर यायचा. प्रवचनात महाराज विज्ञानही सांगत. छपाईत इंचाला किती ठिपके ते मोजणाऱ्या डीपीआयचाही ते अर्थ लावत. "डीपीआय म्हणजे काय? दिव्य प्राण इंधन! अमेरिकेने आमचंच चोरलं!" लोक माना डोलावत. महाराज पैशाला हात लावत नसत. आश्रमाच्या शेडसाठी कुणी पत्रे आणून टाकले तर मात्र भक्ताचं मन मोडत नसत.

फोटोला काच लावायची नाही, आत्म्याला श्वास लागतो. डोळे फिके पडले की फोटो श्वास भरायला आश्रमात आणायचा. असे नियम पुष्कळ होते.

आज एक नवा निघाला.

महाराजांनी रेशमी फडक्याने गालांवरच्या धारा हलकेच टिपल्या. गाल पुन्हा स्वच्छ. मग ते डोळे मिटून म्हणाले, "पोर का रडते? तिचा जीव दोन जागी अडकलाय. अर्धा या तेजोमय रूपात, अर्धा त्या जुन्या मळक्या कागदात. उमाबाई, येत्या अवसेला नांदेडला जा. गोदामाईत तो जुना कागद सोडा. पोर मोकळी होईल."

"माझ्या बसवाचा सोडला की मागल्या अवसेला," पुढच्या रांगेतून गुरम्मा म्हणाली. ती निलंग्याकडची, तिचा आठ वर्षांचा मुलगा त्याच पहाटे गेला होता. "अय्यो, त्या दिसापासून फोटो कसा शांत हाय बघा!"

उमाबाईंनी चाचरत विचारलं, "म्हाराज, एक इचारू का? शेवूच्या गालावर तीट होती. जत्रंला धाडताना म्याच लावली होती. हितं दिसंना."

गर्दीतल्या माना उमाबाईंकडे वळल्या. महाराज मात्र हसले. त्यांचं हसू तयारच असे.

"अहो माय, तीट कशाला लावतात? नजर लागू नये म्हणून. आता ती जिथं आहे, तिथं कुणाची नजर लागणार? वर गेल्यावर तीट आपोआप गळते!"

"वा वा!" लोक म्हणाले. उमाबाईंनीही हात जोडले. पण प्रश्न मनात अडकला तो अडकलाच.

*

खानावळीच्या वरच्या खोलीत हुस्ना म्याडम राहायच्या. मूळच्या मुदखेडच्या, एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायच्या. त्यांचे वडील वाजिदभाई यांचा मुदखेडला स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ होता. लेकीने स्टुडिओ घेतला नाही, पण नाद सोडला नाही. घरीच छपाईचं एक चांगलं यंत्र ठेवलं होतं. सुट्टीत काढलेले फोटो छापायच्या, मुलींच्या फॉर्मचेही छापून द्यायच्या.

दुपारच्या ताटांचा घोळ आवरल्यावर उमाबाई जिना चढून वर गेल्या. पदराखाली जुना फोटो होता.

"म्याडम, एक काम होतं. याची नक्कल काढून देता का? लहानगीच द्या. अवसेला ह्ये गोदावरीत सोडायचंय."

हुस्नाने फोटो दोन्ही हातांनी घेतला. "काकू, हा सोडणार? का?"

"म्हाराज म्हणले."

"महाराज म्हणाले म्हणून एकुलता एक फोटो पाण्यात?"

"तुमाला न्हाई कळायचं," उमाबाईंचा आवाज एकदम कडक झाला. "तुमचं लेकरू भिताडाखालून काढलं न्हाई कुनी. नक्कल देता का न्हाई, तेवढं सांगा."

हुस्नाचा चेहरा उतरला. मऊ कुंचल्याने तिने फोटोवरची धूळ झटकली, स्कॅनरची काच पुसली आणि फोटो पालथा ठेवून झाकण लावलं. उजेडाची एक पट्टी सावकाश सरकत गेली. उमाबाई ती पट्टी बघत होत्या. ढिगाऱ्यावर बॅटऱ्या अशाच फिरत होत्या, त्यांना आठवलं.

पडद्यावर जत्रा उमटली. फुग्यांची काठी, मामाचा फेटा, आणि मामाच्या खांद्यावर शेवू.

"आता तोंड मोठं करते, काकू."

शेवू जवळ आली. आणखी जवळ आली. मग तिचा चेहरा धूसर झाला आणि त्याचे चौकोन दिसू लागले, गोधडीच्या ठिगळांसारखे.

"थांबा थांबा! काय करायलाव म्याडम? फाटून गेली की ती!"

"फाटली नाही. कागदावर जेवढं उतरलंय तेवढंच यंत्राला मिळतं. त्याच्यापुढे मोठं करायला गेलं की यंत्र अंदाजाने रंग भरतं. ओंजळभर पिठाच्या किती भाकरी करणार तुम्ही? पातळ थापलं तरी पीठ तेवढंच."

हे उमाबाईंना कळलं. पिठाचं त्यांना कुणी सांगायला नको होतं.

हुस्नाने चित्र पुन्हा लहान केलं. इतक्या वर्षांत फोटोवर लालसर झाक चढली होती, ती उतरवली. आभाळ पुन्हा निळं झालं. "पडद्यावर उजळ दिसतं, पण कागदावर गडद येतं, म्हणून थोडं उजळून ठेवते," असं पुटपुटत ती काम करत होती. मग जुन्या फोटोवरचे ओरखडे आणि बुरशीचे ठिपके ती एकेक करून मिटवू लागली. ठिपक्यावर बाण न्यायचा, बटण दाबायचं, ठिपका गायब. मामाच्या सदऱ्यावरचा गेला. आभाळातले दोन गेले. बाण शेवूच्या गालाशी आला. बोट बटणावर गेलं, आणि ठिपका मिटला.

"अवो म्याडम!" उमाबाई किंचाळल्याच. "काय केलंव! डाग न्हाई त्यो! तीट हाय ती, तीट!"

हुस्नाने दचकून हात मागे घेतला. "या अल्ला. माफ करा, काकू. आमच्या अम्मीनेही लावली असेल मला, पण मला वाटलं, धूळ..."

तिने घाईने एक पाऊल मागे घेणारं बटण दाबलं. खसखशीएवढी काळी तीट गालावर परत आली.

खाली गल्लीत क्लास सुटल्याचा गलका होता. उमाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "म्याडम, ती परत आली."

"हो. जागेवर आहे."

"न्हाई. म्या काय म्हणते..." त्यांनी पडद्यावरच्या गालाकडे बोट केलं. "तुमाला ती धूळ वाटली. मंग त्याला बी धूळच वाटली व्हय?"

उत्तर तिथंच, गालावर, होतं.

"वर गेल्यावर गळते म्हणला त्यो," उमाबाई म्हणाल्या. "वर. वर कुठं? हितंच गळाली की, त्या पडद्यामागं."

आणि मग त्यांनी दुसरी गोष्ट बघितली. इतके दिवस तोंड इतकं लहान होतं, की त्यांच्या उतरत्या नजरेला ती दिसली नव्हती. जत्रेतलं ऊन शेवूच्या तोंडावर होतं. तिने डोळे बारीक मिचकावले होते. डोळे नव्हतेच, दोन रेघा होत्या.

"आन् खालच्या फोटूत एवढाले डोळे?"

"यात नसलेले डोळे यातून निघत नाहीत, काकू. ते दुसऱ्या कुणाचे आहेत."

उमाबाई भुईवर बसल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. "खरं सांगू का म्याडम? त्यो फोटू आल्यापासून म्या डोळे मिटले ना, की मला तेच डोळे दिसतात. मोठाले. माझी शेवू अशी मिचकावायची, ह्ये म्या इसरूनच गेले होते. भूकंपानं लेकरू नेलं. ह्या मेल्यानं तिचं तोंड नेलं."

*

रडण्याचं कोडं त्याच संध्याकाळी उलगडलं. हुस्नाने खालचा मोठा फोटो उचलून खिडकीशी तिरका धरला. साऱ्या कागदावर उजेड चकाकला. फक्त दोन्ही डोळ्यांच्या खालच्या कडेला, टिकलीएवढ्या दोन वाटोळ्या जागी, चकाकी नव्हती.

"यावर वार्निश मारलंय, फवाऱ्याने. मारताना डोळ्यांवर काहीतरी गोल चिकटवलं होतं. बाकी कागदाला पाणी लागत नाही, म्हणून थेंब घरंगळतात. तेवढी जागा उघडी राहिली, आणि ही शाई पाण्यात विरघळणारी आहे. काच का नको, कळलं? काचेवर पाणी टाकून कोण रडणार?"

गुरम्माला बोलावलं. ती बसवाचा फोटो छातीशी धरूनच आली. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. उमाबाईंनी हाताने एकाचं कपाळ झाकलं, मग हनुवटी, नुसते डोळे उघडे ठेवले. दुसऱ्याचं तसंच केलं.

डोळ्यांची एकच जोडी दोन घरांत होती. त्याच पापण्या, तोच तिरपा कटाक्ष. प्रत्येक बुबुळात पांढरा चौकोन चमकत होता, फोटो स्टुडिओतल्या दिव्याचा. बसवाचा फोटो काढला होता रानात, बैलाशेजारी.

"अव्वा," गुरम्मा एवढंच म्हणाली, आणि तिचा हात आपोआप फोटोवरून मागे आला.

*

पुढच्या गुरुवारी गर्दी दुप्पट होती. महाराजांनी गुलाबदाणी उचलली, तेवढ्यात व्यंकटराव पुढे झाले. खांद्यावर टॉवेल, गालात तंबाखू, हातात एक फोटो.

"म्हाराज, आदी ह्ये लेकरू रडवा."

फोटो व्यंकटरावांचाच होता. हुस्नाने घरच्या यंत्रावर छापला होता, गुळगुळीत कागदावर. चांगला वाळवून, डोळ्यांवर उमाबाईंच्या दोन टिकल्या चिकटवून वार्निशचा फवारा मारला होता, आणि टिकल्या काढून घेतल्या होत्या.

"जिवंत माणसाचा आत्मा—" महाराजांनी सुरुवात केली.

"लई बोलू नगासा. टाका पाणी. न्हाई? मंग मी टाकतो." व्यंकटरावांनी शेजारचा तांब्या उचलला आणि फोटोवर ओंजळ मारली. पाणी फेट्यावरून घरंगळलं, मिशांवरून घरंगळलं. आणि डोळ्यांतून दोन काळ्या धारा निघाल्या, थेट मिशांत शिरल्या.

गर्दी आधी दचकली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "व्यंकटराव, तुमी कधी गेलाव?"

"म्या तर हितं उभा हाय की गा! सकाळी दोन भाकरी खाल्ल्यात!"

हशा उसळला. महाराज हसले नाहीत, आज त्यांचं हसू तयार नव्हतं. ते उठले. "यंत्राची आसवं वेगळी, आत्म्याची वेगळी! कुणी शिकवलं हे? त्या वरच्या मुसलमानणीने? धर्माच्या गोष्टीत तिचं ऐकता?"

हशा थांबला. काही माना हुस्नाकडे वळल्या. या वाक्यावर गर्दी फिरते, हे महाराजांना ठाऊक होतं. असल्या धंद्यातलं ते शेवटचं हत्यार.

उमाबाई पिंपाजवळून उठल्या. आयुष्यात त्या कधी चारचौघांत बोलल्या नव्हत्या. जुना फोटो त्यांनी पुढे धरला.

"म्हाराज, माझ्या लेकीची तीट तिनं ठिवली. तुमी पुसलीत. मंग धर्म कुणी पाळला?"

महाराजांची नजर दाराकडे गेली.

"सांगा की. आन् आमच्या दोघींच्या लेकरांना एकाच घरचे डोळे का दिलेत, त्ये बी सांगा." त्यांनी दोन्ही मोठे फोटो भिंतीला शेजारी शेजारी लावले आणि बाजूला झाल्या. "या बायांनो, तुमीच बघा. तुमच्या घरचे घिऊन या, ते बी लावा."

बाया उठल्या. एक गेली, दुसरी गेली. थोड्या वेळात भिंतीला पाच-सहा फोटो लागले. सून, लेक, नात, दीर. वयं वेगळी, गावं वेगळी. सारे एकाच डोळ्यांनी बघत होते. आता कुणाच्या अंगात आलं नाही. ज्या बाईच्या दिराला बाईच्या पापण्या दिल्या होत्या, तिने त्याचा फोटो उतरवून पालथा ठेवला.

महाराज कधी बाहेर पडले ते कुणी पाहिलं नाही. चंद्रप्पा मात्र चपलांच्या ढिगात आपली चप्पल शोधत राहिला आणि सापडला.

"म्या निस्ता बटन दाबतो हो," तो रडवेला झाला. "डोळे म्हाराजांनीच आनून दिलते. सगळ्यांला तेच लाव म्हनले, येळ वाचतो."

गुरम्मा गर्दीतून वाट काढत त्याच्यापुढे आली. तिने त्याला मारलं नाही. त्याचा हात धरला, आर्जवाने, जसा दवाखान्यात डॉक्टरचा धरावा.

"बाबा, माझ्या बसवाचा जुना फोटू तू यंत्रात घातलतास न्हवं? मामला मिटला, म्या काय म्हणत न्हाई. तेवढा त्यातनं काढून दे."

चंद्रप्पाने मान खाली घातली.

"छापून झालं की यंत्रातलं मूळ पुसून टाक म्हणायचे म्हाराज."

*

हुस्नाने शेवूचा फोटो छापला तो पोस्टकार्डाएवढा. आधी कागदाची एक पट्टी छापून रंग पाहिला, थोडा उजळ केला, मग पूर्ण फोटो. रात्रभर तो सपाट ठेवून वाळू दिला.

"थोडा मोठा न्हाई व्हनार?" उमाबाईंनी एकदाच विचारलं.

"होईल. पण मग ती तुमची राहणार नाही."

उमाबाई बराच वेळ तो फोटो बघत राहिल्या. चेहरा जरा धूसर होता, दाणेदार, पहाटेच्या धुक्यातून दिसावा तसा. डोळे मिचकावलेले, गालावर तीट. त्यांनी स्वतःही नकळत डोळे तसेच मिचकावले. "अशीच बघायची. ऊन लागलं की अशीच." मग त्यांनी त्याला काच लावून घेतली. मूळ फोटो ट्रंकेत, कोरड्या कापडात. गोदावरीला कुणी गेलं नाही.

हे सगळं गोड झालं असं कुणी म्हणू नये. गुरम्माचा कागद नदीत गेला तो गेला. मोठा फोटो तिने भिंतीवरून काढला, पण फेकवेना, आणि बघवेनाही. ती रोज दुपारी खानावळीत येऊन बसायची, उमाबाईंच्या शेजारी, भाजी निवडत.

एकदा उमाबाई म्हणाल्या, "गुरम्मा, बसवाचं तोंड सांग की गं मला."

"काय सांगू? इसरले म्या. तेच डोळे यीत्यात पुढं."

"डोळे ऱ्हाऊ दे. दात सांग."

मेथीची काडी गुरम्माच्या हातातच राहिली. "दात... पुढचा एक दात पडला होता. त्या गणपतीतच. जिभीनं खेळवायचा सारखा. म्या म्हणायची, खेळवू नगो रे, वाकडा यील..."

ती सांगत राहिली. उमाबाई ऐकत राहिल्या. कागद नसलेल्या माणसाला एवढंच करता येतं.

ज्याचं जवळचं माणूस गेलं त्याला हसू नये. तो मूर्ख नसतो, भुकेला असतो, आणि भुकेल्याच्या ताटात दगड वाढणारे या मुलखात ढिगाऱ्यांच्या मागोमाग आले. देव मानायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण फोटो रडला, म्हणजे शाई ओली झाली. कागदात नव्हतं ते दिसलं, म्हणजे ते कुणीतरी बाहेरून आणून घातलं. एवढं तपासायला फार शिक्षण लागत नाही. फोटो उजेडाशी तिरका धरावा लागतो, दोन वस्तू शेजारी ठेवून बघाव्या लागतात, आणि मनात अडकलेला प्रश्न, मग तो खसखशीएवढा का असेना, पुन्हा एकदा विचारावा लागतो.

आणि कुणी चमत्कार दाखवून वर म्हणालाच, की आता मूळ वस्तू पाण्यात सोडा, तर हात जोडा, नमस्कार करा, पण वस्तू सोडू नका.